एका हँडलची मंजुरी

पनवेलमध्ये घरं सजवून देणाऱ्या एका कंपनीत मी कामांचं वेळापत्रक सांभाळतो. म्हणजे शिव्या खातो. आमच्या दोन टीम: एक नवे फ्लॅट सजवणारी, दुसरी किरकोळ दुरुस्तीची. मालकांनी एक सॉफ्टवेअर आणलं आणि दोन्ही टीमना एकाच रांगेत उभं केलं. प्रत्येक कामाचं कार्ड. आधी थ्रीडी डिझाइन, मग ग्राहकाची रंगनिवड, मग मालकांची मंजुरी, तेव्हा कुठे कारागीर. मोठ्या किचनला ठीक आहे हो! गळका नळ बदलायला कसलं आलंय डिझाइन?

"दुरुस्तीवाल्यांची रांग वेगळी करू या," मी सांगून सांगून थकलो. मालकांचं सख्ख्या भावाशी वाटणीवरून फाटलेलं. वेगळं म्हटलं की त्यांचं डोकं फिरतं. "आपण एक कुटुंब आहोत. इथे वेगळ्या चुली मांडायच्या नाहीत." झालं, विषय संपला.

त्यात आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं. घरात आम्ही दोघंच. डॉक्टर म्हणाले, कमोडशेजारी धरायला हँडल बसवा, म्हणजे त्या एकट्या जाऊ शकतील. ती हॉस्पिटलात असतानाच मी कार्ड टाकलं. आमचा फिटर जवळच्या नेरे गावचा. म्हणाला, "दादा, आत्ता येतो, पन कार्ड पुढे सरकलं नाय तर माझा खाडा लागतो. तुमाला ठाव हाय ना." ठाऊक होतं. तो नियम मीच रोज राबवत होतो.

डिझाइनच्या मुलीने बिचारीने थ्रीडी काढलं, कमोडशेजारी कुंडीसुद्धा दाखवली. मग आईच्या फोनवर मेसेज: आपला आवडता रंग निवडा. "अरे, संडासात कसला रंग विचारतायत मेले?" आई हॉस्पिटलच्या खाटेवरून हसली. तिने पांढरा निवडला. पुढे मंजुरीपाशी कार्ड जे अडकलं ते अडकलंच. उद्या होईल, उद्या होईल म्हणेपर्यंत आई घरी आली.

पहिल्यांदा तिला मीच धरून आत नेलं. बसवून, उठवून बाहेर आणेपर्यंत तिने डोळे घट्ट मिटून घेतले होते. त्यानंतर तिने मला फारशी हाकच मारली नाही. मला वाटलं, बरं वाटतंय तिला.

संध्याकाळी उशाशी पाहिलं तर पाण्याची बाटली भरलेलीच. ताक तसंच, चहा गार.

"आई, पाणी का प्यायली नाहीस?"

"प्यायलं की जावं लागतं," ती म्हणाली आणि तिने तोंड भिंतीकडे वळवलं.

माझं टाळकंच सटकलं. मालकांना फोन लावला आणि जे तोंडाला आलं ते बोललो. ते शांतपणे म्हणाले, "अरे, मग आधी सांगायचंस ना! कार्डाला अर्जंट लाव." डोंबल! असला संताप आयुष्यात आला नव्हता.

तडक कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडून हँडल आणलं, शेजाऱ्यांचं ड्रिल मागितलं. हे काम मी कधी केलेलं नाही. एक टाइल तडकली. हँडल बसलं, थोडं तिरकं. त्याला लोंबकळून पाहिलं, हललं नाही.

आई वॉकर घेऊन आत गेली. मी दाराबाहेर उभा. आतून कडी लावल्याचा आवाज आला.

बाहेर आली तेव्हा म्हणाली, "तिरकं बसलंय रे."

"हो."

"असू दे. चहा टाक. आणि कप भरून दे हं मला."