सूर्यनारायण, सोलर आणि आमचे नाना

भजन तासाभराचं, पण टाळ पिशवीत गेले की आमची खरी मैफल सुरू होते! कर्वेनगरातल्या आमच्या भजनी मंडळात व्रतं भरपूर, आणि सोसायटीत सोलरचा विषय निघाल्यापासून किस्से त्याहून भरपूर. मनात मावेनात, म्हणून लिहायला बसले.

\*

चातुर्मासात आमच्यात कुणी वांगं सोडतं, कुणी कांदा. गेल्या वर्षी मी म्हटलं, "यंदा रिक्षा सोडू या. बसनं जाऊ."

कुमुदताईंनी लगेच नेम धरला आणि कसब्यात दर्शनाला निघाल्या. इलेक्ट्रिक बसमध्ये खिडकीशी बसून, डोळे मिटून जप केला. जप संपला तरी इंजिनाचा आवाज नाही! डोळे न उघडताच त्या कंडक्टरवर डाफरल्या, "अहो, सुरू करा की गाडी!"

"आजी, डेक्कनचा स्टॉप कधीच मागं गेला!"

\*

आता मूळ दुखणं. बिल आवरेना म्हणून सोसायटीनं दुपारची लिफ्ट बंद केली. आमचं भजन दुपारीच. संध्याकाळी प्रत्येकीच्या घरी कुकर लागलेला. आमच्या पेटीवाल्या माई राहतात चौथ्या मजल्यावर, आणि त्यांचे गुडघे जिन्याला तयार नाहीत. त्यांचं येणंच थांबलं. पेटीविना आमचे सूर वाट फुटेल तिकडे!

सेक्रेटरी कांबळे सर म्हणाले, "गच्चीवर सोलर बसवू. लिफ्ट दिवसभर चालेल."

आडवे कोण आले? माईंचेच यजमान, नाना! रोज सकाळी गच्चीवर सूर्याला अर्घ्य देणारे. भर मीटिंगमध्ये उभे राहिले. "सूर्य माझा देव आहे. त्याला लिफ्ट ओढायला लावणार?"

कांबळे सर शांतपणे म्हणाले, "नाना, गच्चीवर तुमचे पायजमे कोण वाळवतं?"

नाना खाली बसले. मग पुन्हा उठले. "ठीक आहे. पण त्या पॅनेलपाशी चपला घालून कुणी जायचं नाही. देवाची जागा आहे!"

ठराव पास.

\*

पॅनेल बसली आणि आम्हा बायकांना राहवेना. नवी वस्तू पूजेशिवाय वापरायची? प्रत्येक पॅनेलवर कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक, झेंडूचा हार, वर मूठभर अक्षता. आरतीही झाली!

दोन दिवसांनी सोलरवाली नेहा धावत आली. "काकू, वीज एकदम कमी कशी झाली?"

बूट जिन्यात काढून, तापलेल्या गच्चीवर नुसत्या पायमोज्यांत उड्या मारत ती पॅनेलपर्यंत पोचली. स्वस्तिकं होती, हार होते, आणि अक्षता टिपायला अख्ख्या कर्वेनगरातली कबुतरं जमली होती. प्रसाद ठेवून गेली होती.

"काकू, पूजा छान झाली," नेहा म्हणाली. "पण देवाच्या डोळ्यांवर पट्टी बांधलीत!"

\*

पॅनेल पुसायची कुणी? दुसऱ्या दिवशी तुळशीला पाणी घालायला मी वर गेले, तर नाना! एका हातात अर्घ्याचा तांब्या, दुसऱ्या हातात मॉप. पाणी पॅनेलवर ओतत होते, मंत्र म्हणत पुसत होते.

"नाना, साफसफाई?"

"अर्घ्य देतोय," नाना गुरगुरले. "दिसत नाही?"

\*

मग आला भजनाचा गुरुवार. भर दुपारी आम्ही तळमजल्यावर लिफ्टसमोर उभ्या. कुमुदताईंचा जप चालू, माझा जीव टांगणीला. माई येतात का? देवानं ओढलेल्या लिफ्टमधून नाना त्यांना येऊ देतात का?

आकडे उतरत आले. चार, तीन, दोन, एक. दार उघडलं. आत माई! नवी नऊवारी, केसांत अबोलीचा गजरा.

त्यांच्या मागे नाना. काखेत पेटी, पाय अनवाणी, हातात चपला.

"अहो नाना, चपला हातात?" कुमुदताईंनी विचारलंच.

नानांनी बाहेर येऊन चपला खाली ठेवल्या, पायांत सरकवल्या आणि आमच्याकडे बघून म्हणाले,

"काय बघत उभ्या राहिलात? पेटी धरा!"