लालाजींच्या पायाशी

“हाथ फैलाओ. ऐसे नहीं. जैसे माँगते हैं, वैसे.”

मॅडम म्हणाल्या आणि मी हात पसरले.

दिल्लीत, मुनिरकातल्या अभ्यासिकेच्या मागच्या खोलीत हे चाललं होतं. अभ्यासिका लालाजींची. आमच्यासारख्या भाड्याच्या खोल्यांत राहून परीक्षांची तयारी करणाऱ्यांना त्यांनी आपली इमारत फुकट दिली होती. ते वारले आणि त्यांच्या सूनबाईंनी, म्हणजे या मॅडमनी, दारात त्यांचं शिल्प बसवायचं ठरवलं. मधे लालाजी उभे. शेजारी एक मुलगी उभी, पुस्तक वाचणारी. पायाशी एक मुलगी बसलेली, घेणारी.

शिल्पकाराला खऱ्या मुली हव्या होत्या. मॅडमनी मला आणि माझी रूममेट मुग्धा हिला बोलावलं. मला वाटलं, वाचणारी मीच. अभ्यासिका उघडायच्या आधी दारात मी असायचे. मुग्धा जेवायच्या वेळेला यायची आणि टेबलावर डोकं ठेवून झोपायची.

मॅडमनी आधी तिचं पूर्ण नाव विचारलं. मग माझं. माझं आडनाव ऐकून म्हणाल्या, “अच्छा. रिज़र्वेशन कोटे से हो ना? तुम नीचे बैठो. चेहरा बिल्कुल सही है.”

मग माझ्या बॅगेतलं पुस्तक त्यांनीच काढलं आणि मुग्धाच्या हातात दिलं. माझ्या रेघा मारलेलं, माझ्या पेनचे डाग पडलेलं पुस्तक.

मी बसले. उठून जायला हवं होतं. बसले.

मुग्धाचा मला फार हेवा वाटला. तिच्या ताठ मानेचा. करोल बागेतून आणलेल्या तिच्या कुर्त्याचा. आपलंच असल्यासारखं माझं पुस्तक धरून ती उभी होती, त्याचा तर सगळ्यात जास्त.

खोलीवर ती पोहे करत होती. म्हणाली, “अगं, पुतळाच आहे तो. किती मनाला लावून घेतेस, यार!”

“मग उद्या जागा बदलूया?”

तिनं गॅस बारीक केला. “मॅडमनी सांगितलंय ना तसं...”

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा त्याच जागी होतो. मातीत चेहरे उमटले होते. माझी मान वर, तोंड जरासं उघडं. शिल्पकार खूश होता. मी मात्र मुग्धाचा मातीतला चेहरा बघत होते. तो मोडावा असं वाटत होतं. मनातल्या मनात मी तिला बाजूला केलं. मी उभी राहिले. हातात माझं पुस्तक. मान ताठ. बरं वाटलं. मग नजर खाली गेली.

पायाशी कुणीतरी बसलेलंच होतं. माझी धाकटी बहीण. हात पसरून.

मी हात खाली घेतले आणि उठले.

“क्या हुआ?” मॅडम.

“मैं नहीं बैठूँगी. मेरा चेहरा मिटा दीजिए.”

“लालाजी के घर में बैठके पढ़ती हो. इतना भी नहीं कर सकती?”

“पढ़ती हूँ. माँगती नहीं.”

मुग्धाच्या हातातून मी पुस्तक घेतलं. तिनं नजर चुकवली. शिल्पकारानं मॅडमकडे पाहिलं, मग ओल्या अंगठ्यानं मातीतलं माझं नाक पुसलं. मग ओठ. शेवटी डोळे. पूर्ण पुसेपर्यंत मी तिथून हलले नाही.

शिल्प लागलंय आता. मुग्धा उभी आहे, ब्राँझमधे, सुंदर. जाता-येता दिसते आणि अजूनही हेवा वाटतो. खोटं कशाला बोलू. पायाशी बसलेल्या मुलीला दुसराच चेहरा दिलाय. कुणाचा, माहीत नाही.

अभ्यासिका मी सोडलेली नाही. मॅडम आल्या की मी खुर्चीवरून उठते, सगळ्यांसमोर सांगते, “नीचे वाली लड़की हटाइए.” पहिल्यांदा त्या हसल्या. काल हसल्या नाहीत. काल माझ्याबरोबर आणखी दोघी उठल्या होत्या.

माझा चेहरा गेला म्हणून माझं काम संपलेलं नाही. ती मुलगी तिथून हलेपर्यंत मी मॅडमना सुखानं बसू देणार नाही.