कंपनीनं ही गाडी बंद का केली?

माझा कुणावरही विश्वास नाही, आणि याचा मला आजवर एकदाही फायदा झालेला नाही.

लोहाऱ्यात एका शाळेत मी क्लार्क आहे. वीस वर्षं दाखले आणि मार्कांच्या बेरजा तपासून तपासून माझी नजरच तशी झालीय. एखाद्या पोरानं आजी वारली म्हणून रजा मागितली, की मी आधी जुने अर्ज काढून ती याआधी किती वेळा वारली ते बघतो. (एकाची चार वेळा वारली होती! मग? संशय काय उगीच येतो का माणसाला?)

तर अशा माणसावर सेकंडहँड गाडी घ्यायची वेळ आली. आमच्या सासूबाई आमच्याकडंच असतात. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन सोलापूरला ठरलं. डॉक्टर म्हणाले, "घरी नेताना पाय लांब सोडून न्या, आणि पुढं दोन महिने अधूनमधून दाखवायला आणा." आता लोहाऱ्याच्या वडापच्या जीपमधी अकरा माणसं, दोन पोती आणि एक बकरं असतं. तिथं पाय लांब सोडायचा म्हटलं, तर तो थेट ड्रायव्हरच्या मांडीवर जाणार. आमच्या मंगलनं, म्हणजे माझ्या बायकोनं, जाहीर केलं, "अहो, आईच्या ऑपरेशनच्या आत दारात गाडी पाहिजे. जुनी चालंल, पण उंच पाहिजे अन् पुढची सीट मागं सरकली पाहिजे." मधे फक्त तीन आठवडे होते.

शोधता शोधता नळदुर्गचे एक रिटायर मुख्याध्यापक सापडले, वसंत गुरुजी. त्यांच्याकडं मधल्या साइजची एसयूव्ही होती. उंच, पांढरी, स्वच्छ. किंमत साडेपाच लाख. आमच्या बजेटात बसत होती. फक्त एक गोष्ट होती. ते मॉडेल कंपनीनं चार वर्षांपूर्वी बनवायचं बंद केलं होतं.

झालं! माझ्या डोक्यात किडा शिरला. एवढी चांगली गाडी हाय, तर कंपनीनं बंद का केली?

मी आमच्या मेस्त्रीला विचारलं. तो म्हणाला, "साहेब, गाडी एक नंबर, पण तवा किंमत जास्त हुती, खपली न्हाय. इंजिन दणकट हाय. पार्ट सोलापुरात पाहिजे तेवढे मिळतेत. डोळे झाकून घ्या."

"डोळे झाकून का? उघडे ठेवले तर काय दिसंल?"

"आवं, बोलायची पद्धत असती ती!"

"लई तारीफ करायलास. गुरुजी तुला किती देणार हायत?"

मेस्त्रीनं हातातला पाना खाली ठेवला आणि माझी स्कूटर, जी त्याच्याकडं अर्धी खोललेली होती, तशीच ढकलत रस्त्यावर आणून लावली. मी ती सुट्ट्या भागांसकट घरी नेली.

पहिल्या रविवारी मी एकटाच नळदुर्गला गेलो. गुरुजी सत्तरीचे, धुतलेला पायजमा, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. मी बॉनेट उघडलं. आत इतकं स्वच्छ, की मला घाम फुटला.

"धुतलंय वाटतं?"

"दर रविवारी पुसतो मी."

"का पुसता?"

"का म्हणजे?" गुरुजी गोंधळले. "धूळ बसते म्हणून."

किलोमीटर बघितले. चाळीस हजार! नळदुर्गसारख्या हायवेवरच्या गावात राहून फक्त चाळीस हजार? मीटर फिरवलेला असणार! गुरुजी म्हणाले, "आमची मंडळी होती तेव्हा फिरत होतो. दोन वर्षांपूर्वी ती गेली. आता एकटा कुठं जाणार?" माणूस खरं बोलत होता, हे आता मला कळतं. पण तवा मी मनात म्हणालो, बघा, मीटरसाठी बायकोला मारायलाय!

मग त्यांनी स्वतःहूनच सांगितलं, की डाव्या दाराला म्हशीनं शिंग मारलं होतं, तिथं रंग मारून घेतलाय. आता मला सांगा, स्वतःहून कोण सांगतं? छोटी खोट दाखवायची ती मोठी झाकायला! मी पाठीवर झोपून गाडीखाली सरकलो आणि अर्धा तास ती मोठी खोट हुडकत राहिलो. वर गुरुजींचा आवाज आला, "साहेब, चहा गार व्हायलाय." मी खालूनच विचारलं, "चहा कशापायी?"

घरी आल्यावर मंगलनं विचारलं, "मग? कशी हाय?"

"निर्दोष हाय."

"मग घेऊ या की!"

"अगं, तेच तर! एवढी निर्दोष गाडी असती का कुठं?"

सासूबाई खाटेवर गुडघ्याला तेल चोळत होत्या. त्या म्हणाल्या, "जावईबापू, माझ्यापायी एवढी खोट शोधत बसू नका. म्या चालत जाईन सोलापूरला." असं म्हणून त्या उठल्या आणि 'आई गं' म्हणत परत बसल्या. मला वाईट वाटलं. खरंच लई वाईट वाटलं. म्हणून मी ठरवलं, की जाणकार माणूस घेऊन जायचं.

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. माझे चुलते, आप्पा, यांनी चाळीस वर्षं जनावरांचे बाजार केले. बैल नुसता उभा बघून त्याचं वय, खोड आणि मालकाची अडचण तिन्ही सांगतात. पुढच्या रविवारी मी आप्पांना घेऊन गेलो. आप्पांनी गाडीला आधी लांबून एक फेरी मारली. मग चाकं दाबली, बुडावर थाप टाकली, दार उघडून वास घेतला. गुरुजींना गाडी चालू करून ती सोडून बाजूला व्हायला लावलं आणि इंजिन कसं धापतं ते कान देऊन ऐकलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "खानदानी हाय. बिनघोर घे."

मी आप्पांकडं बघितलं. (चुलते झाले म्हणून काय झालं? नळदुर्गला त्यांची ऊठबस असती!) पण वेळ कमी होता, म्हणून मी मनाचा हिय्या करून म्हणालो, "बरं, चारपासून सुरू करा."

आणि इथं आमचा घोळ झाला.

जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघं हातात हात घेतात, वर टॉवेल टाकतात आणि आत बोटं धरतात. चार बोटं धरली की चार, अख्खा पंजा धरला की पाच. बघणाऱ्याला काय कळत नाही. आणि एकदा टॉवेल पडला, की तोंडानं आकडा काढायचा नाही. काढला तर तो बाजाराचा अपमान! आप्पांनी आयुष्यात हा नियम मोडला नव्हता. ते गुरुजींच्या पुढं गेले, त्यांचा हात हातात घेतला आणि खांद्यावरचा टॉवेल वर टाकला.

गुरुजी पिढीजात मास्तराच्या घरातले. त्यांनी उभ्या जन्मात शेळी विकत घेतली नव्हती! त्यांना यातलं ओ का ठो कळलं नाही. आप्पांनी चार बोटं दाबली. गुरुजींनी क्षणभर आप्पांच्या तोंडाकडं बघितलं, त्यांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी दुसराही हात टॉवेलाखाली घालून आप्पांचा हात दोन्ही पंज्यांनी घट्ट धरला.

आप्पांचा चेहरा पडला. त्यांनी पुन्हा चार बोटं दाबली, जरा जोरात. गुरुजींनी पुन्हा दोन्ही हातांनी धरला आणि हसत वरखाली हलवला.

आप्पांनी हात काढून घेतला, टॉवेल झटकला, "रामराम" म्हणाले आणि तडक रस्त्याला लागले. मी मागं पळालो.

"आप्पा, काय झालं?"

"आरं, लई बेरकी हाय हा मास्तर! साडेपाच बोलला हुता ना? आत दहा म्हणायलाय! म्या परत चार दिले, तर परत दहा! अन् वर हासतंय!"

"बघा!" मी हायवेवर उभा राहून ओरडलो. एवढा आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. "मी म्हणत हुतो का न्हाय? म्हणत हुतो का न्हाय? चोर हाय!"

संध्याकाळी गुरुजींचा फोन आला. तो मंगलला आला, कारण अनोळखी माणसाला मी माझा नंबर देत नाही, बायकोचा देतो. मंगल बराच वेळ नुसती ऐकत होती. फोन ठेवून ती माझ्याकडं वळली.

"गुरुजी विचारायलेत, आप्पा रागावून का गेले? म्हणले, मंडळी गेल्यापासून असा कुणी मायेनं हात धरला नव्हता. वरून टॉवेल पण टाकला, ते म्हणले, एवढी आपुलकी बघितली न्हाय. आईच्या गुडघ्याचं कळलं म्हणून पन्नास हजार कमी करायलेत."

शेजारी आप्पा बसले होते. त्यांनी टॉवेल तोंडाला लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. मी मात्र सावध होतो.

"न मागता पन्नास हजार कमी? मंगल, आता तर खात्रीच झाली! गाडी पुरात बुडालेली असणार!"

"नळदुर्गाला कुठला पूर आलाय?"

"दुसरीकडून बुडवून आणली असंल!"

मंगल काही बोलली नाही. लग्नाला अठरा वर्षं झाली, ती गप्प बसली की मला भीती वाटती. आणि ती वाटायलाच पाहिजे होती.

बुधवारी शाळा सुटून घरी आलो, तर दारात ती पांढरी गाडी! भोवती अख्खी गल्ली जमलेली. मी लांबूनच ओरडत आलो, "हात लावू नका कुणी! फसवणूक हाय! मीटर फिरवलाय! कंपनीनं उगीच बंद केली न्हाय ही!" गर्दी बाजूला झाली. पुढच्या सीटवर सासूबाई पाय लांब सोडून बसल्या होत्या आणि माझ्याकडं बघून हसत होत्या. ओसरीवर गुरुजी आणि आप्पा चुरमुऱ्यांचा सुशीला खात होते. सासूबाईंना सीट पुरती का बघायला गुरुजी स्वतः गाडी घेऊन आले होते.

"व्यवहार झाला," आप्पा घास गिळत म्हणाले.

"कुणाशी?"

"सूनबाईशी. तोंडानंच केला."

मंगलनं वर्षभरापूर्वी ड्रायव्हिंग शिकून लायसन काढलं होतं. मशीनवर कपडे शिवून साठवलेले पैसे तिनं घातले, बाकी पतसंस्थेतून घेतले. कागदावर नावही तिचंच लागलं. मी गुरुजींना एवढंच विचारलं, "मला का न्हाय विचारलं?" ते म्हणाले, "साहेब, तुम्ही अजून गाडीखालीच असाल असं वाटलं."

ऑपरेशन चांगलं झालं. सोलापूरहून परत येताना मंगल गाडी चालवत होती, सासूबाई पुढं पाय पसरून बसल्या होत्या. गाडी इतकी गुळगुळीत चालत होती, की त्या एकदाही कण्हल्या नाहीत. मला बरं वाटलं, आणि मनापासून लाजही वाटली. रुमाल हुडकायला सासूबाईंनी पुढचा कप्पा उघडला, तर आतून एक घडी घातलेला कागद निघाला. गुरुजींचं वळणदार अक्षर. छत्तीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस, सवय कुठं जाणार? गाडी बघायला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाचं त्यांनी प्रगतिपुस्तक केलं होतं! सासूबाईंनी माझं मोठ्यानं वाचलं.

"प्रश्न विचारणे, वीसपैकी वीस. ऐकून घेणे, दोन. वक्तशीरपणा, तीन. आजाऱ्याचा कळवळा, नऊ. विश्वास, शून्य. एकूण शंभरपैकी चौतीस. नापास. शेरा: मुलगा वाईट नाही. पुढील व्यवहार पालकांशी, म्हणजे पत्नीशी करावा."

मंगलला इतकं हसू आलं, की तिनं गाडी एका ढाब्यावर घेतली. दोघींनी गाडीतच चहा मागवला. एका मार्कानं नापास! मी "जरा पाय मोकळे करतो" म्हणून तो कागद घेऊन ढाब्याच्या मागं गेलो, खिशातलं पेन काढलं आणि तीन वेळा बेरीज केली.

बेरीज बरोबर होती.