कुर्लीच्या पाठीवर लिहिलेली घोषणा

लालबागच्या आमच्या चाळीत तळमजल्यावर मंडळाची एक खोली होती. सकाळी तिथे बालवाडी भरायची, संध्याकाळी कॅरम चालायचा. चाळीचं रीडेव्हलपमेंट ठरलं आणि कमिटीने ही खोली बिल्डरच्या ऑफिसला द्यायचं ठरवलं. बालवाडीच्या बाईंना हे जिन्याखालच्या नोटीस बोर्डावरून कळलं, हातात दुधाची पिशवी असताना. या चाळीतल्या निम्म्या लोकांना ज्यांनी नाक पुसायला शिकवलं त्यांना. मी तणतणत सेक्रेटरी काकांकडे गेले. ते शांतपणे म्हणाले, "अगं, पोरं काय, कुठेही बसतील. रंगवायचंच असतं ना? घरी रंगवतील."

'रंगवायचंच असतं ना' हे वाक्य मला अजून चावतं.

रविवारी मंजुरीची मीटिंग होती, त्याच खोलीत, हात वर करून निर्णय. बाई म्हणाल्या, "भाषण नको करूस. पोरांचं काम दोरीवर टांगू. आईबापांनी ते बघितलं तर हात वर करताना जरा थांबतील." पहिल्या मजल्यावरच्या बारशात उरलेल्या कागदी ताटल्या त्यांच्याकडे होत्या. एकेका ताटलीचा एकेक प्राणी करायचा, ज्याला जो हवा तो.

मी मदतीला गेले. घराच्या हक्काच्या चळवळीत मी कॉलेजपासून पत्रकं लिहितेय, वाटतेय, भिंतींना चिकटवतेय. म्हणून सवयीने घरून मैद्याची खळ शिजवून नेली. बाईंनी पातेल्यात डोकावून बघितलं. "ही पोस्टरची खळ. कानांना फेव्हिकॉल लागतो." आणि खरंच, माझ्या खळीने लावलेले हत्तीचे दोन्ही कान दहा मिनिटांत मांडीवर आले.

एका मुलाने वाघ सुरू केला, पट्टे काढायचा कंटाळा आल्यावर त्याची मांजर केली. एकाने उंदीर केला. आमच्या मोरीतलाच आहे म्हणाला, शेपूट ताटलीच्या तिप्पट. दुसऱ्या मजल्यावरची चार वर्षांची मुलगी कुर्ली करत होती, म्हणजे खेकडा. मालवणी घरातली पोर, बाजारातून पिशवीत वळवळत आलेल्या कुर्ल्या जन्मापासून बघितलेली. ताटली लालभडक रंगवून ती पुठ्ठ्याचे पाय चिकटवत बसली. चार पायांनंतर मी म्हटलं, "पुरे झाले गं."

"आठ असतात. आणि दोन डेंगे वेगळे, चिमटा काढायला. ताई, तू कधी खाल्ली नाहीस काय?"

सगळी सकाळ तिने त्या दहा तुकड्यांत घालवली. बाई मध्ये पडल्या नाहीत. तिरका पाय तिरकाच ठेवला.

शनिवारी दुपारी पोरं घरी गेली, बाई रेशनला गेल्या. ताटल्या फरशीवर वाळत होत्या, मी एकटी. सगळे प्राणी गोड दिसत होते आणि त्याचाच मला राग आला. गोड बघून लोक हसतात, मोबाइलवर फोटो काढतात आणि पाहिजे तिथे हात वर करतात. ताटल्या काहीच बोलत नाहीयेत, असं मला वाटलं. मी काळा मार्कर काढला. हत्तीवर लिहिलं, 'मी कुठे जाऊ?' मांजरीवर, 'आमची खोली आम्हाला हवी'. कुर्लीची पाठ सगळ्यात मोठी आणि मोकळी होती. तिच्यावर ठळक अक्षरांत, 'बिल्डर, चालता हो'. मग ताटल्या दोरीवर टांगल्या आणि समाधानाने घरी गेले.

रविवारी खोली भरली. सेक्रेटरी काकांनी चष्मा लावला आणि एकेक ताटली मोठ्याने वाचत गेले. कुर्लीपाशी थांबले. ताटली उलटली. मागे पोरीचं नाव होतं, बाईंनी लिहिलेलं. ते त्या मुलीच्या आईकडे वळले. "वहिनी, लेक हुशार निघाली. बिल्डरला चालता हो म्हणते."

आईचा चेहरा उतरला. "तिला अजून ग काढता येत नाही. हे कोणी लिवलं?"

"मी," मी म्हटलं.

"म्हणजे आमच्या पोरांच्या नावावर तू भांडतेस?"

तेवढ्यात ती मुलगी गर्दीतून पुढे आली. "माझ्या कुर्लीवर काय काढलंस?"

"काढलं नाही, लिहिलंय. बिल्डर, चालता हो."

"कुर्ली असं कशाला बोलेल?"

खोलीभर हशा पिकला. ती हसली नाही. तिने स्टूल ओढलं, वर चढली आणि कुर्ली ओरबाडून काढली. दोन पाय दोरीलाच राहिले. मग उंदीरवाला उठला, मग मांजरवाला. दोरी रिकामी झाली. सेक्रेटरी काका हळूच म्हणाले, "बघा, पोरांनाच नकोय." आणि हात वर झाले. त्यात त्या आईचाही होता.

पत्रकात मी याला कारस्थान म्हटलं असतं. कारस्थान होतंच. लोकांना मोठी घरं हवी होती, कमिटीला बिल्डर दुखवायचा नव्हता, खोली कदाचित तशीही गेली असती. पण जे दोन-चार हात अडखळले असते ते मी सरळ वर करायला लावले. सेक्रेटरीला मुलांच्या कामात रंगापलीकडे काही दिसत नव्हतं. मला त्यात कोरी जागा दिसली. कोणाचा गुन्हा मोठा हे मी ठरवत बसत नाही, दोघांचाही राग येतो.

बाई आता पहिल्या मजल्याच्या गॅलरीत, पाण्याच्या पिंपांमध्ये सतरंजी टाकून शिकवतात. गाणी म्हणायची नाहीत, कारण बाजूच्या खोलीतल्यांची झोपमोड होते. खाली आमच्या खोलीत बिल्डरचा एसी लागलाय. काचेखाली नव्या टॉवरचं मॉडेल आहे, बोटाएवढी झाडं, निळा तलाव. पोरं सुटल्यावर काचेला नाकं लावतात आणि वॉचमन हाकलतो. परवा मी आत जाऊन विचारलं, यात बालवाडी कुठे? टेबलामागची मुलगी प्रेमाने म्हणाली, "किड्स झोन आहे ना, मॅडम." चाळीतल्या मुलांसाठी? "नाही, तो सेलच्या टॉवरला आहे, बाहेरून फ्लॅट घेणाऱ्यांच्या. तुमचा जुन्या भाडेकरूंचा, रीहॅबचा टॉवर वेगळा."

तिथूनच तडक वर गेले. बाई मण्यांची माळ सोडवत होत्या. म्हटलं, यावर पत्रक काढते, तुम्हाला चालेल का? त्यांनी वर न बघता विचारलं, "कोणाच्या नावाने?"

"माझ्या."

"मग काढ. खाली तुझा खोली नंबरपण लिही. भांडायला येतील ते तुझ्याकडे येऊ देत, माझ्या पोरांकडे नको."