कोनाड्यातली चिमणी

अकोटच्या कापसाच्या जिनात सरकीची पोती उचलून खांदे आखडलेली केशरबाई कुणाचं ऐकून घेणाऱ्यांतली नव्हती. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि दुसऱ्याच आठवड्यात कोनाड्यातले सगळे देव तिनं स्वतः नेऊन पूर्णेत सोडले. सासू आठ दिवस बोलली नाही. नाही तर नाही!

एका गोष्टीची मात्र तिला भारी लाज. चाळिशीत ती अक्षरं शिकत होती. दारात कुणी आलं की पाटी-पुस्तक गोधडीखाली.

बासष्ट साली अमरावतीहून गोवर्धन सर आले, धर्मांतरावर प्रबंध लिहायला. माणूस सालस, पण घरूनच सिद्धांत घेऊन निघालेला: देव घरातून जातात, मनातून जात नाहीत. दिवेलागणीला ते केशरबाईकडं टेकले आणि त्यांची नजर देवांच्या जुन्या कोनाड्यावर गेली. तिथं रॉकेलची चिमणी जळत होती.

"रोज लावता?"

"रोज."

"आणि खंड पडला तर?"

"जीवाले चैन नाई पडत."

सर खुशीत लिहू लागले. केशरबाईनं मान लांब करून वहीत पाहिलं, एकेक अक्षर जुळवलं. 'जुनी श्रद्धा कायम.' तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे छापणार! शिकलेली माणसं म्हणणार, यांनी नुसती नावं बदलली. सहा वर्षांचं सगळं एका ओळीत मातीत! आता गप्प बसावं तर घराची अब्रू जाते, बोलावं तर आपलं गुपित.

तिनं गोधडी उचलली आणि पाटी-पुस्तक सरांपुढं आपटलं.

"ह्या घरात वारा काय थांबते? त्या एका कोनाड्यातच चिमणी इझत नाई. म्हून तिथं बसून शिकून राहिली मी!"

सर ओशाळले. "बाई, सिद्धांत हाताशी नसला तर काय विचारावं हेच आम्हाला कळत नाही हो."

"मंग इचारा ना! रोज लावता का, ते इचारलं. काहून लावता, ते काहून नाई इचारलं?"

सरांनी ती ओळ खोडली आणि केशरबाईचं म्हणणं जसंच्या तसं उतरवून घेतलं. मग जरा चाचरत म्हणाले, "यात तुमचं नाव घातलं तर चालेल? की राहू द्यायचं?"

"राहू काहून द्याचं? टाका नाव," केशरबाई म्हणाली. "अन् वय बी लिहा. चाळीस."