वीट आला की वीट आली

माझी नात सात वर्षांची आहे, आणि ती सकाळी नाश्त्याच्या टेबलावर शेणाचं पुस्तक ठेवत असे. पोह्यांच्या ताटलीला अगदी चिकटून. कव्हरावर एक जाडजूड जनावर पाठमोरं उभं, आणि त्याच्या मागं जे पडलेलं आहे ते चौकोनी. पहिल्या दिवशी मी ते उचलून फ्रिजवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते परत टेबलावर. तिसऱ्या दिवशी मीच पोहे घेऊन जिन्यात जाऊन बसलो.

बायको गेल्यावर मुलानं मला इकडं इंग्लंडात, कॉव्हेंट्रीला आणलं, त्याला सहा वर्षं झाली. तो इथल्या हॉस्पिटलात नोकरीला आहे. इथल्या पुष्कळ गोष्टींची मला किळस येते आणि ती मी लपवत नाही. सकाळी पार्कात जावं तर माणसं कुत्र्याच्या मागं वाकून ते पातळ पिशवीत भरतात, ऊन ऊन, आणि तीच पिशवी बोटाला लटकवून मला गुड मॉर्निंग करतात. बूट घालून कार्पेटवर चालतात आणि मग त्याच कार्पेटवर लोळतात. पण ते दुसऱ्यांचं. हे पुस्तक माझ्या घरात आलं होतं.

पुस्तकाचं मला कुणी सांगू नये. मी तिसरी पास. चौथीत पंधरा दिवस बसलो तेवढाच. पण पुण्यात चाळीस वर्षं बाइंडिंग केलं. छापलेले कागद घडी घालायचे, त्या घड्यांची जुजबंदी शिवायची, मैद्याच्या खळीत किडीसाठी मोरचूद टाकून पुठ्ठा चढवायचा. किती पुस्तकं हातांखालून गेली ते मोजलं नाही. वाचली थोडी, पण एखादं पान पायाखाली आलं तर उचलून कपाळाला लावल्याशिवाय पुढं गेलो नाही. अशा माणसासमोर पोह्यांशेजारी विष्ठेचं चित्र, तेही आर्ट पेपरवर, चार रंगांत.

शाळेत त्यांचा ऑस्ट्रेलिया चालू होता. म्हणून लायब्ररीतून तिकडच्या बालपुस्तकांचा ढीग घरी आला, आणि मी तो सगळा उलटून पाहिला, कारण शत्रू ओळखलेला बरा. एका पुस्तकात मगर आणि तिच्या दातांत अडकलेलं काहीतरी, चार पानं फक्त ते काढण्यात गेलेली. एकात वटवाघळाचं नाक. एकात भर उन्हाळ्यातला नाताळ, सांताक्लॉज अर्ध्या चड्डीत वाळूत बसलेला, अंगाला वाळू चिकटलेली. त्यांच्यात लिहिणारा वेगळा आणि चित्रं काढणारा वेगळा असतो, आणि दोघांचे फोटो मागच्या पानावर. एक लेखक अनवाणी, मांडीवर कोंबडी. आमच्या प्रेसमध्ये लेखक यायचे ते इस्त्रीचा झब्बा घालून. कोंबडी घेऊन कुणी आला असता तर मालकानं दारातूनच परत पाठवला असता.

चौकोनी शेणवाल्या पुस्तकाला मात्र लिहायला आणि चित्रं काढायला एकच बाई होती. जनावराचं नाव वॉम्बट. ते खरंच चौकोनी हागतं म्हणे. मुलानं फोनवर दाखवलं, तेही जेवताना.

आता खरी गोष्ट सांगतो. गेल्या वर्षापासून नात मला इंग्रजीत उत्तर द्यायला लागली होती. आईशी इंग्रजी, बापाशी इंग्रजी, घरात मराठी उरली ती माझ्यापुरती. मला इंग्रजी येतं ते बसवाल्याला थँक्यू म्हणण्याएवढं. तिनं मराठी सोडली म्हणजे तिनं माझ्याशी बोलणं सोडलं, एवढं सरळ होतं ते. मी कुणाला बोललो नाही. मागितलेलं प्रेम मला घ्यायचं नाही.

तर एके दिवशी ती शाळेतून आली आणि बूट न काढता माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"आजोबा, मला मराठी पाहिजे आहे."

कित्येक दिवसांत तिच्या तोंडून आलेलं ते पहिलं अख्खं मराठी वाक्य. मी म्हणालो, "आधी बूट काढ."

ती वॉम्बटच्या पुस्तकाची बाई ऑस्ट्रेलियाहून आमच्या लायब्ररीत येणार होती. ज्या मुलांच्या घरी दुसरी भाषा आहे त्यांनी पुस्तकातलं एकेक पान आपल्या भाषेत करून वाचायचं. घरातल्या मोठ्या माणसानं शेजारी उभं राहायचं. नातीला वॉम्बटचंच पान हवं होतं आणि शेजारी मी हवा होतो.

"दुसरं पुस्तक घे. नाकाचं चालेल," मी म्हणालो.

"ती बाईनं नाक नाही लिहिला."

"त्या बाईनं नाक नाही लिहिलं. शब्द सांगतो मी. उभा राहणार नाही."

"का?"

का ते तिला सांगितलं नाही, इथं लिहितो. खंडेनवमीला प्रेसमध्ये मशिनांची पूजा व्हायची. एकदा मालक म्हणाले, जुना माणूस म्हणून तू दोन शब्द बोल. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "आपन सगळे." मागून प्रुफं तपासणारे मास्तर म्हणाले, "ण बाणातला, बाबा." पन्नास माणसं हसली. मी खाली बसलो. त्यानंतर महिनाभर एकट्यानं कटिंग मशीनशेजारी बसून ण घोटला. आता माझा ण त्या मास्तरांपेक्षा स्वच्छ आहे. पण चार माणसांसमोर तोंड उघडायला मी पुन्हा उभा राहिलो नाही.

आम्ही टेबलाशी बसलो. तिनं मोठ्या अक्षरात लिहिलं, वॉम्बटचा शी.

"शी बाई आहे. वॉम्बटची शी. आणि ती म्हणायची तान्ह्या पोरांची. जनावराची शी नसते."

"मग काय असते?"

"गाईम्हशीचं शेण. शेळीची लेंडी. घोड्याची, गाढवाची लीद."

तिनं पेन्सिल खाली ठेवली. "सगळ्यांना वेगवेगळा नाव?"

"वेगवेगळं नाव. इंग्रजीत एकच पू, मग राजाचं असो की उंदराचं. त्यांना काय कळणार."

"आणि चिमणीची?"

"शीट."

ती इतकी हसली की खुर्चीवरून सरकली. "आजोबा, असं नाही बोलायचं. शाळेत बोललं तर फोन करतात घरी."

मला वाईट शब्द बोलल्याचं पाप लागलं ते असं, साध्या चिमणीपायी. मी उठून हात धुतले. वास्तविक हाताला काही लागलं नव्हतं.

तासभर असा शेणात गेला. वॉम्बटला कुठला शब्द लावावा ते ठरेना. लेंडी म्हणावं तर ती गोल. शेण म्हणावं तर ते पसरतं. त्यात बाईची गोष्ट अशी, की जंगलातले सगळे प्राणी वॉम्बटला कंटाळून त्याला हाकलतात, मग तो आपल्याच त्या चौकोनी मालाची भिंत रचतो, धुळीचं वादळ येतं, आणि सगळे त्याच भिंतीआड येऊन वाचतात. आडोसा घ्यायला यांना दुसरं काही मिळालं नाही. मी पेन्सिल टाकली आणि म्हणालो, "मला आता वीट आला."

नातीनं दाराकडं पाहिलं.

"कुठे आला?"

"काय?"

"वीट. ब्रिक. आणि आजोबा, वीट आली पाहिजे. ती वीट."

मी तिला समजावलं. घर बांधतात ती वीट. मनाला येतो तो वीट. एक बाई, एक बाप्या, दिसायला जुळी. ती म्हणाली, "मग त्यांना वीट आला आणि त्याने वीट केली." सात वर्षांच्या पोरीनं, जिला नाक कुठल्या जातीचं ते ठाऊक नाही, तिनं माझी अडचण सोडवली होती. मी सांगितलं तसं तिनं लिहिलं: सगळ्यांना त्याचा वीट आला. मग त्याने एकेक वीट रचली. शेणाचा शब्दच लागला नाही. पाच वेळा म्हणून घेतलं. चार वेळा ती "वीट आली" म्हणाली.

त्याच आठवड्यात पुस्तकाचं मधलं पान निघून आलं. नुसतं चिकटवलेलं, शिलाई नाही. अशा कामाचीही मला किळसच आहे. मी मैद्याची खळ शिजवली, पुस्तक सुटं करून दाभणानं नीट शिवलं. शिवताना पान पान बघावं लागतं. बाईचा हात चांगला आहे, हे लपवत नाही. जनावराच्या पंजात माती कशी बसते ते तिला ठाऊक आहे, आणि तिची ती लाल माती छापताना कुठं रंग हललेला नाही. इतका चांगला हात आणि तो कुठं घातला, हा विचार मनातून जाईना. लायब्ररीतल्या मुलीनं शिवलेलं पुस्तक उलटून पाहिलं आणि काहीतरी बोलली. नातीनं सांगितलं, "त्या म्हणतात, असं झालं तर ते फेकून देतात." एका पानासाठी पुस्तक कचऱ्यात. कुत्र्याचं मात्र पिशवीत जपून नेतात.

शनिवारी सकाळी आम्ही गेलो. मी मागच्या रांगेत, कोटाची बटणं लावून. बाई साठीच्या, उन्हानं भाजलेल्या, आणि त्या थंडीत पायात सँडल. त्यांनी मुलांना आधी काखेत हात घालून घाणेरडे आवाज काढायला लावले. दीडशे मुलांनी काढले. मग त्यांनी पिशवीतून खरं, वाळवलेलं, चौकोनी ते काढलं आणि रांगेतून फिरवायला दिलं. मुलं वास घेत होती. आया फोटो काढत होत्या. माझ्यापर्यंत आलं तेव्हा मी दोन्ही हात खिशात घातले आणि शेजारच्या गोऱ्या बाईनं ते माझ्या पोटावरून पुढं दिलं. माझ्या चांगल्या कोटावरून.

मग मुलांची वाचनं. एकीनं पोलिश वाचलं, एकानं पंजाबी, त्याची आजी शेजारी ताठ उभी. सगळ्यांशेजारी कुणी ना कुणी होतं. माझी नात एकटीच पुढं गेली. सून हॉस्पिटलच्या ड्यूटीवर, मुलगाही. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं.

सुरुवात छान केली. मग म्हणाली, "सगळ्यांना त्याचा वीट आली."

दुसऱ्या रांगेत आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या एक डॉक्टरीणबाई होत्या, पुण्याच्या. त्या काही वाईट नाहीत, पण त्यांना राहवलं नाही. "अगं, वीट आली? कुरियरनं का?"

तीन-चार मराठी माणसं हसली. बाकीच्यांना वाटलं हसायची जागा आहे, म्हणून तेही हसले. पुस्तकवाल्या बाईपण हसल्या. नातीनं कागद खाली केला. मान वर केली नाही. इंग्रजीत हळू म्हणाली, "मला नाही वाचायचं." तेवढं इंग्रजी मला कळतं.

तो कागद खाली झाला तसा मला प्रेसमधला तो कोपरा दिसला, कटिंग मशीनशेजारचा. ही पोर ण घोटत बसणार नाही, हे मला माहीत होतं. ती सोडून देईल. तिच्याकडं दुसरी भाषा आहे.

मी उठलो. गुडघे वाजले. पुढं जाऊन तिच्याशेजारी उभा राहिलो, कागद घेतला, चष्मा लावला. कागदावर तिच्या अक्षरात चक्क बरोबर लिहिलं होतं, वीट आला. मी मोठ्यानं वाचलं, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं.

"सगळ्यांना त्याचा वीट आली."

"आजोबा, आला. वीट आला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"आमच्याकडं आली म्हणतात."

"तुमच्याकडं म्हणजे कुठं?"

"माझ्या घरी."

आता त्या मला हसल्या आणि बाकीचेही हसले. ण घोटून मिळवलेलं सगळं तिथं घालवलं. मी कागद नातीला दिला. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, मग पुढचं वाचलं, एकेक वीट रचेपर्यंत, कुठं न अडता.

टाळ्या झाल्या. पुस्तकवाल्या बाई पुढं आल्या आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. त्यांचा तोच हात, ज्यानं ते चौकोनी फिरवायला दिलं होतं. सोडेनात. काहीतरी बराच वेळ बोलल्या. नात म्हणाली, "त्या म्हणतात, पुस्तक शिवलेलं त्यांनी बघितलं. थँक्यू म्हणतात." मी मान हलवली आणि थेट बाथरूमला गेलो. दोनदा साबण लावला.

बसमध्ये नात खिडकीपाशी बसली. दोन स्टॉप गेले. मग म्हणाली, "आजोबा, तुम्ही चुकलात."

"हो का?"

"तिथे आला पाहिजे होता. तो वीट. मी कागदावर लिहिली होती."

"लिहिलं होतं."

"लिहिलं होतं," ती म्हणाली. "मग तुम्ही बघून पण चुकलात."

"म्हातारा झालो."

तिला ते पटलं. तिनं दप्तर उघडलं आणि त्या बाईंनी सही करून दिलेलं नवीन पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं. कव्हरावर एक प्राणी होता, नाकातून हिरवं लोंबत होतं, आणि ते उंचवट्यानं छापलं होतं, बोट लावलं की लागेल असं.

"हे पण आपण मराठीत करू," ती म्हणाली. "आजोबा, याला किती शब्द आहेत?"

मी पुस्तक पालथं केलं. पालथ्या बाजूलाही तेच होतं.

"शेंबूड," मी म्हणालो. "तो शेंबूड. आणि घरी जाईपर्यंत ते झाकून ठेव."