सातवी पट्टी

माझा मामा एककल्ली. डोक्यात एकदा किडा शिरला की घराला आग लागली तरी उठायचा नाही. कारखान्यात तो हीट सिंक बनवायचा: ॲल्युमिनियमच्या जाड पट्टीवर ओळीने उभी पाती, यंत्राची उष्णता हवेत सोडणारी. आणि घरी मामी. तिची फुफ्फुसं निकामी झाली होती, ती प्राणवायूच्या यंत्रावर जगत होती.

ते यंत्र रोज दुपारी तापून बंद पडायचं. मामाने उघडून बघितलं, तर कडेची पाती गार आणि मधली हात लावू देत नव्हती.

"सगळी सारख्या अंतरावर कापलीत, मध्ये वारा जातोय कुठे?" तो म्हणाला. "आणि ही पट्टी आमच्याच कारखान्यातली. वीस वर्षं अशीच कापतोय आम्ही."

मग तो मधली पाती विरळ करून नवनव्या पट्ट्या आणू लागला. प्रत्येक चाचणीला यंत्र तासभर स्वयंपाकघराच्या ओट्यावर उघडं पडायचं, आणि मामी बाहेरच्या खोलीत छोट्या सिलिंडरवर. तो जेमतेम सव्वा तास पुरायचा.

"ओट्यावर या पट्टीला बसवलंत, आता स्वयंपाक काय माझ्या डोक्यावर करणार?" मामी चिडवायची. ती असं काही बोलली की मामाला हुरूप यायचा.

सातव्या पट्टीला जमलं. पाच ठिकाणी पाच तापमापक आणि पाचांवर एकच आकडा. तास भरला होता.

"आणखी एकदा बघतो गं. दहाच मिनिटं. चुकून आलं असेल."

"बघा की. मी कुठे पळून चाललेय?"

दहाची पंचवीस झाली. सिलिंडरचा काटा तिच्या समोरच होता, तरी तिने हाक मारली नाही. एरवी चहाला उशीर झाला तर कप आपटणारी बाई. मला आजही तिचा राग येतो.

मामा कागद नाचवत बाहेर आला, तेव्हा तिची मान कलली होती. डोळा लागला असेल असं वाटून तो थोडा वेळ पाय न वाजवता वावरला.

कारखान्याने त्याचीच पट्टी घेतली. यंत्रं आता बंद पडत नाहीत. साहेबांनी सत्कार ठेवला, तेव्हा मामा गेला नाही. मी त्याच्याजवळ जाऊन बसले.

"दुसऱ्यांदाही तेच आकडे आले गं," तो म्हणाला. "पहिल्यांदाच बरोबर होते."